पट्टी आणि अनुदान



स्मृतिव्याख्यानात कलेबद्दल बोलायची पद्धत आहे. मी कलेच्या पैशाबद्दल बोलणार आहे. ज्या गुरुजींच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते, ते गॅदरिंगच्या नाटकाचा हिशेब पै-पैनिशी वहीत उतरवून ठेवत. त्यामुळं त्यांना तरी हा विषय हलका वाटला नसता.

एप्रिल २०१७ मध्ये याच धाराशिव शहरात ९७ वं अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन भरलं. जयंत सावरकर अध्यक्ष होते. पुढं जानेवारी २०२० मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली ९३ वं साहित्य संमेलनही इथंच झालं. मांडव भरले, जिल्ह्याचं नाव झालं, मांडव उतरले. त्यानंतर आपण तिकीट काढून किती नाटकं पाहिली? हात वर करायला सांगत नाही, मनाशी मोजा.

सरकारच्या पैशानं कला जगते का, यावर आपल्याकडं परिसंवाद पुष्कळ होतात. माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. तो पैसा माणसाला जेवणावरून उठवून, चपला घालायला लावून खुर्चीपर्यंत आणतो का?

जिल्ह्यात प्रेक्षकच उरला नाही, असं म्हणणारे भेटतात. त्यांनी चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याला यावं. गर्दी येडेश्वरीच्या दर्शनाची आणि चुनखडी वेचायची असते हे खरं. कलेसाठी कुणी आलेलं नसतं. पण गर्दीच्या कडेनं हलगी वाजते, आराधी मेळे बसतात, आणि भोवतीचं कडं तासन्‌तास हलत नाही. तुळजापुरात नवरात्रात हेच. आणि ही झाली मोठी नावं. खरा हिशेब लहान गावांच्या जत्रांत आहे. कुठं हनुमान जयंती, कुठं खंडोबा, कुठं पिराचा उरूस.

तिथला पैसा कसा उभा राहतो ते जरा जवळून पाहू. पाडव्याच्या आगेमागे देवळात यात्रा कमिटी बसते. उंबऱ्यामागं किती पट्टी, यावर पहिली रात्र जाते. कुणी म्हणतं उंबऱ्यामागं नको, एकरामागं घ्या. ज्याची जमीन जास्त तो लगेच विरोधात. शेवटी आकडा ठरतो. लाल कापडी पुठ्ठ्याची वही निघते. दोन पोरं आणि एक जाणता माणूस घरोघर फिरतात. जाणता माणूस लागतोच, कारण पोरांना ‘उद्या या’ म्हणता येतं, त्याला म्हणता येत नाही. पुण्यात कंपनीत असलेल्यांना फोन जातो, ते मोबाईलवरून पैसे टाकतात आणि वहीत आपलं नाव आलं का ते पुन्हा फोन करून विचारतात. जत्रेच्या दिवशी देवळाच्या भिंतीवर यादी लागते. कुणी दिले नाहीत हे त्या यादीत नसतं, पण सगळ्या गावाला ते त्या यादीवरूनच कळतं.

मग सुपारी. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात तमाशा फडांच्या रावट्या लागतात. पाडव्याच्या सुमारास पुणे-नगर-नाशिककडच्या यात्रा कमिट्या तिथं येऊन तारखा ठरवतात, घासाघीस होते, इसार दिला जातो. आपल्याकडचा व्यवहार लहान. कुठं तमाशा, कुठं भारूड, कुठं नुसताच ऑर्केस्ट्रा. रीत तीच. खेळाच्या रात्री तिकीट नसतं. गावकरी, पाहुणारावळा, शेजारच्या गावचा रिकामा माणूस, सगळे फुकट. तरीही तो खेळ फुकटचा नसतो. वग पडला तर दुसऱ्या दिवशी पारावर कमिटीची सालं काढली जातात, आणि सालं काढणारा वहीत आपलं नाव आहे या जोरावर बोलत असतो.

फडाच्या भाषेत खेळ दोन प्रकारचे: सुपारीचा आणि तिकिटाचा. तिकिटाच्या खेळाला कनात लागते, आणि माणसं आली नाहीत तर फडमालक बुडतो. सुपारीच्या खेळात फडमालकाचे पैसे पक्के. खेळ पडला तर गाव बुडतं. पहिल्यात धोका मालकाचा, दुसऱ्यात गावाचा. आता तिसरा प्रकार, सरकारी महोत्सव. खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर कोण बुडतं? कलाकाराचं मानधन ठरलेलं, मांडववाल्याचं बिल ठरलेलं, उपयोगिता प्रमाणपत्रात रक्कम किती आली, किती खर्चली, किती शिल्लक एवढंच लिहायचं. प्रेक्षकांचा रकाना असलेलं असं प्रमाणपत्र मी तरी पाहिलेलं नाही. रिकाम्या खुर्चीनं ज्याची झोप उडत नाही, तो ती भरायला धडपडणार कशाला? माझं सगळं म्हणणं एवढ्यावर उभं आहे.

याचा अर्थ सरकारनं हात काढून घ्यावा असा नाही. मराठी नाटकाचा जन्मच सरकारी पैशातला आहे. सांगलीला संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ पाहिले आणि विष्णुदास भाव्यांना तसं काही आपल्या भाषेत करायला सांगितलं. त्यातून १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ उभं राहिलं. खर्च संस्थानचा, प्रेक्षक दरबारातले. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले आणि संस्थानचा आधार तुटला. भावे मंडळी घेऊन बाहेर पडले, गावोगाव फिरत १८५३ मध्ये मुंबईला ग्रँट रोडच्या थिएटरात पोचले आणि तिकीट लावून खेळ केले. मराठी नाटकाला पैसे मोजणारा प्रेक्षक मिळाला तो तिजोरी बंद झाल्यामुळं. पण तिजोरी आधीची आठ वर्षं उघडी नसती तर मुंबईला न्यायला भाव्यांजवळ काय असतं? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जो तो आपल्या सोयीची अर्धी सांगतो.

पैसा लागतो तो का, याचं उत्तर १९६६ मध्ये विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी दिलं. कारखान्यात यंत्र येतं, त्याच माणसांत दुप्पट माल निघतो, पगार वाढले तरी मालक तरतो. रंगमंचावर हे होत नाही. चार वादकांची रचना वाजवायला शंभर वर्षांपूर्वी चार माणसं आणि जेवढा वेळ लागे, तेवढीच माणसं आणि तेवढाच वेळ आजही लागतो. पगार मात्र बाहेरच्या जगाबरोबर वाढवावेच लागतात. म्हणजे खर्च दरसाल वाढणार, आणि तिकीट त्या वेगानं वाढवलं की प्रेक्षक गळणार. आपल्याकडचा दाखला घ्या. गोंधळाला संबळ, तुणतुणं, झांज आणि निरूपण करणारा नाईक लागतो. कदमराई असो की रेणुराई, तीन माणसांत ते भागत नाही. म्हणून गोंधळ्यांनी माणसं कमी न करता रात्र कमी केली. पहाटेपर्यंत चालणारं आख्यान आता लग्नघरी दीड-दोन तासांत उरकतं.

या दुखण्यावर एक जालीम तोडगा मराठवाड्यातच निघाला होता. प्रा. लक्ष्मण देशपांडे यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’. एक माणूस, बावन्न व्यक्तिरेखा. ट्रक नको, नेपथ्य नको, वीस जणांची जेवणं नकोत. तालुक्याच्या गावाला परवडणारं आणि तुडुंब चालणारं नाटक. यात सरकारी पैसा कुठं होता? होता. देशपांडे औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवत होते. महिन्याचा पगार पक्का असलेला माणूस वर्षानुवर्षं एक प्रयोग घासूनपुसून उभा करू शकला. कुठल्याही योजनेच्या नावाखाली ही रक्कम दिसणार नाही, पण प्रेक्षकांपर्यंत एवढा पोचलेला सरकारी रुपया मला दुसरा माहीत नाही.

आता उघड योजनांकडं. वृद्ध कलावंतांच्या मानधनाची योजना जुनी आहे. आता ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं चालते. स्थानिक पातळीवरच्या कलावंताला महिना २,२५० रुपये मिळत, २०२४ पासून सर्वांना सरसकट ५,००० झाले. चांगलं झालं, आणि कमीच झालं. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांनी राष्ट्रपतींच्या हातून पदक घेतलं आणि २००२ मध्ये हलाखीत डोळे मिटले, हे या राज्याच्या अंगावर कायमचं आहे. मात्र मानधन हे म्हातारपणाची भाकरी आहे. हात थकल्यावर ते सुरू होतं. त्यानं प्रेक्षक वाढावा ही अपेक्षा चुकीची, आणि ते देऊन कलेचं काम झालं ही समजूत त्याहून चुकीची.

राज्य नाट्य स्पर्धेनं साठी ओलांडली. दहा-पंधरा रुपये तिकीट, लातूर-परभणी-नांदेडसारखी केंद्रं, निर्मितीसाठी थोडी मदत. स्पर्धेनं नट घडवले यात वाद नाही. पण त्या नाटकांचं पुढं काय होतं? महिना-दोन महिने तालमी, एक प्रयोग, नंबर आला तर अंतिम फेरीत आणखी एक, आणि नेपथ्य कुणाच्या तरी माळ्यावर. प्रेक्षक म्हणजे इतर स्पर्धक आणि नटांचे नातेवाईक. तयार झालेली माणसं मुंबईची वाट धरतात. औरंगाबादच्या ‘जिगीषा’मधून चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी गेले, आणि मराठी रंगभूमीचं सोनं झालं. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांची नाटकं कधीमधी दौऱ्यावर येतात, तीही सहसा मोठ्या शहरांपर्यंत. चारशे किलोमीटरवरून बस आणि ट्रक आणायचा तर सहाशे खुर्च्या दोनशे रुपयांनी भरूनही निर्माता डोकं खाजवतो. बरं, त्या तिकिटावर जीएसटीही नाही, पाचशे रुपयांपर्यंत माफ आहे. भरलेल्या घरात जिथं भागत नाही, तिथं करमाफीनं काय होणार?

तारखांचंही बघा. स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात असते. तेव्हा वाशी, भूम, कळंब भागातली किती कुटुंबं ट्रॅक्टरवर बिऱ्हाड टाकून ऊसतोडीला गेलेली असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. गावं निम्मी रिकामी. ती भरतात पाडव्याच्या आसपास, आणि नेमकी तेव्हाच जत्रा लागते. गावानं आपली तारीख प्रेक्षक घरी असताना धरली आहे. मंत्रालयातल्या कॅलेंडराला कोयत्याचा हंगाम माहीत नाही.

आणि वेळ. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक. वर्षातले मोजके पंधरा दिवस बारापर्यंत सूट, तीही राज्यानं ठरवलेल्या सणांना. नियमाच्या मी विरोधात नाही. आजारी माणसाला झोप लागतेच. पण तमाशाची रचना पाहा. जेवणं उरकून माणसं नऊला बसणार. गण, गवळण, बतावणी, लावण्या, आणि मध्यरात्रीनंतर वग. दहाला ध्वनिक्षेपक बंद म्हणजे वगाला कात्री. वगात कथा होती, सोंगाड्याची जीभ होती, कारभाऱ्याला टोमणे होते. उरल्या त्या लावण्या, आणि त्यांच्या जागी हळूहळू सिनेमाची गाणी. मग आपणच म्हणायचं की तमाशाचा दर्जा घसरला. एका खात्यानं फडाला अनुदान द्यायचं, दुसऱ्यानं वग बंद करायचा, आणि दोघांनी एकमेकांना विचारायचं नाही.

२०२४ च्या सुरुवातीला राज्यभर जिल्ह्याजिल्ह्यांत महासंस्कृती महोत्सव झाले, प्रवेश विनामूल्य. विनामूल्य महोत्सव म्हटला की मला सोफे दिसतात. तुम्हालाही दिसत असतील. पहिल्या दोन रांगांत पांढऱ्या खोळींचे सोफे, पुढं काचेचा टीपॉय, पाण्याच्या लहान बाटल्या. कार्यक्रम सातचा. पाहुणे पावणेनऊला. दीपप्रज्वलन, शाल, नारळ, मनोगतं. मागं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर सातपासून बसलेल्या बायका पोरांना झोपवतात. साडेनऊला आराधी मेळ्याला वीस मिनिटं मिळतात, सोफे तोवर उठून गेलेले असतात, आणि दहाला पोलीस घड्याळ दाखवतात. ज्या कलेच्या नावानं पैसा आला तिला त्यातली वीस मिनिटं. त्या बाया पुढच्या वर्षी आल्या नाहीत तर ‘लोकांना रस नाही’ असा शेरा पडतो.

फुकट म्हटलं की गर्दी होते, हे निम्मं खरं आहे. पहिल्यांदा होते. आजचं हे व्याख्यानही फुकटच आहे, आणि मागच्या दाराजवळ बसलेल्यांचा बेत मला इथून दिसतो आहे! जर्मनीत सरकारी नाट्यगृहांच्या खर्चाचा पाचवा हिस्साही तिकिटातून निघत नाही. एवढं अनुदान असूनही तिथं प्रवेश फुकट नसतो. तिकीट आवाक्यात ठेवतात, आणि वर्षाची वर्गणी भरून आपली खुर्ची धरणारे प्रेक्षक पिढ्यान्‌पिढ्या टिकवतात. वर्गणी भरली की माणूस पावसातही येतो.

एवढ्या लांब जायचं नसेल तर झाडीपट्टीला जाऊ. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया. देसाईगंज, म्हणजे वडसा, हे तिथल्या नाटक कंपन्यांचं ठाणं. धान घरात आलं की दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, तो होळीपर्यंत. गावातलं मंडळ कंपनीला ठोक रक्कम देऊन नाटक ठरवतं, मांडव घालतं आणि स्वतः तिकिटं विकतं. उरले तर मंडळाचे, पडले तर पोरांच्या खिशातून. म्हणून पोरं आसपासच्या गावांत भोंगा लावून फिरतात, लेकी-जावयांना आवतणं जातात. २०१४ मध्ये न्यायालयानं बैलांच्या शर्यती बंद केल्या, शंकरपट थांबले. त्यांना धरून होणारं नाटक तरीही टिकलं. २०२३ मध्ये तिथले कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या अनेकांनी झाडीपट्टी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. तोवर ती रंगभूमी कुणाच्या अनुदानाची वाट न पाहता चालत आली होती.

आता उलट बाजू, आणि ती मी झाकणार नाही. पट्टीनं निवडलेली कला म्हणजे बहुमतानं निवडलेली कला. पोरांच्या हातात वही गेली की जत्रेला डीजे येतो. सोलापूर-धुळे महामार्गावर चोराखळीच्या बाजूला कला केंद्रं आहेत, तिथं सरकारी रुपया लागत नाही आणि प्रेक्षकही कमी पडत नाही. पण माना खाली घालून ढोलकी-पेटी ऐकणारा जुना बैठकीचा रसिक तिथं किती, हे तिथल्याच एखाद्या जुन्या वादकाला विचारा. गर्दी हा कलेचा पुरावा नव्हे. शिवाय पट्टीच्या वहीत गावाची उतरंड असते. कमिटीत कोण बसतं, नाचायला कुठल्या जातीची बाई येते, आणि खेळ बघायला गावातल्या बायकांना मोकळीक असते का? तमाशाच्या कनातीत आपल्या आया-बहिणी कधी बसल्या? कीर्तनाला बसल्या, आराधी मेळ्याला बसल्या, नाटकाला बसल्या. गावाच्या मर्जीविरुद्ध बोलणारी शाहिरी, जलसा, नवं प्रायोगिक नाटक यांना उंबऱ्यामागं पट्टी कोण देणार? तिथं सरकारनं निखळ, अट न घालता पैसा द्यावा आणि प्रेक्षक किती आले ते विचारू नये. ही थोडी रक्कम असते. भीती वाटण्याएवढी नसते.

बाकीच्या मोठ्या रकमेबद्दल माझं मत वेगळं आहे. पाण्याची योजना आणताना जलस्वराज्यात गावाकडून १० टक्के लोकवाटा मागितला होता. ज्या गावानं तो भरला, ते गाव नळाला तोटी आहे का ते बघायला लागलं. जिल्हा नियोजनातून कलेला जो पैसा मिळतो, त्यातला निम्मा असाच लोकवाट्याला जोडून द्या. गावानं पट्टी काढून नाटक, भारूड, वगाचा तमाशा, गोंधळ ठरवला तर तेवढीच भर सरकारची. पट्टी नाही तर भर नाही. नळदुर्ग-उमरग्याकडच्या तांड्यांना, ऊसतोडीच्या वाड्यांना तिप्पट भर द्या, कारण त्यांचा दहा रुपयांच्या नोटेचा तुकडा दुसऱ्याच्या शंभरापेक्षा जड आहे. निवड गावाची, सरकारनं एवढंच म्हणावं की माणसं जिवंत गाणारी-बोलणारी हवीत, पेनड्राइव्ह नको.

तुम्ही म्हणाल, सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा-भूमला पुरानं माती वाहून गेली, आणि हा नाटकाच्या पैशाबद्दल बोलतो. बरोबर आहे. पुराच्या वर्षी महोत्सव थांबवावा, मलाही तेच वाटतं. पण अशा वर्षी लोकांनी पट्टीच काढली नाही तर माझ्या योजनेत पैसा आपोआप शिल्लक राहतो, कुणाला सभागृहात निषेध करावा लागत नाही.

लोकवाट्यानंतर दुसरी मागणी, इमारत. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये कोल्हापुरात पॅलेस थिएटर बांधलं. तेच पुढं केशवराव भोसले नाट्यगृह. महाराजांचा पैसा छपराला लागला आणि शंभरावर वर्षं त्या छपराखाली लोकांनी तिकीट काढून नाटकं पाहिली. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं तेव्हा कोल्हापूरची माणसं रस्त्यावर उभी राहून रडत होती. आपल्याकडं नाट्यगृह बांधायला निविदा निघते, चालवायला निघत नाही. दिवे कुणी सांभाळायचे, ध्वनियंत्रणा कुणी दुरुस्त करायची, पावसाळ्यात गळणारा कोपरा कुणाच्या माथी? एक पूर्णवेळ प्रकाशयोजनाकार आणि एक व्यवस्थापक, एवढ्यांचे पगार वर्षभर दिले तर दोन सोफासेटांच्या महोत्सवाएवढाही खर्च येत नाही.

आणि तिसरी मागणी, जी ऐकून एक अधिकारी माझ्यावर हसले होते. एसटी. लोहाऱ्याच्या, वाशीच्या माणसाला धाराशिवला नाटक बघायचं तर तिसरा अंक संपेपर्यंत शेवटची गाडी गेलेली असते. मोटारसायकलवर बायको आणि दोन पोरं घेऊन रात्री साठ किलोमीटर कुणी यावं? शाळेच्या सहलीला आपण एसटी प्रासंगिक करारावर घेतो. नाटकाच्या रात्री दोन गाड्या तशाच घ्याव्यात, एक वाशीच्या रस्त्यानं, एक तुळजापूर-लोहाऱ्याच्या. भाडं सरकारनं भरावं, तिकीट प्रेक्षकानं. शंभर माणसं त्या गाड्यांतून आली तर निर्मात्याला सहाशेतल्या शंभर खुर्च्या विकत मिळाल्या, आणि अनुदानाचा एक रुपयाही रंगमंचावर गेला नाही. ते अधिकारी म्हणाले, हे परिवहन खात्याकडं येतं. मी म्हणालो, मग त्या खात्याकडं पाठवा. अर्ज तयार आहे. ज्यांना सही करायची असेल त्यांच्यासाठी तो बाहेर टेबलावर ठेवला आहे.